शेंदराखालची बंदूक

खडकी

पुण्याला मी देव बघायला गेले नव्हते, बंदूक बघायला गेले होते. परत आल्यापासून गावातल्या बायका विचारतात, पुण्यात काय काय पाहिलं, आणि बंदूक म्हटलं की पदर तोंडाला लावतात. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आमचं गाव हिंगणघाटाकडचं आणि घर लोहाराचं. माझा भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणतात, आमच्या घरातला शेवटचा लोहार. त्याच्या हातच्या विळ्यावर, कुऱ्हाडीवर, मुठीजवळ एक खूण असते: दोन तिरक्या रेघा आणि त्यांच्याखाली एक टिंब. बापाच्या विळ्यांवरही तीच होती. दादाचं म्हणणं असं, की ही खूण पुण्याची आहे. आमचा मूळ पुरुष भिवा. तो पेशवाईत पुण्यात बंदुकांच्या नळ्या घडवायचा. राज्य बुडालं, बंदुका विचारणारं कोणी उरलं नाही, तेव्हा त्याने ऐरण बैलगाडीत घातली, पूर्वेकडे आला आणि विळे करू लागला. ही कथा दादाने आयुष्यभर सांगितली आणि गावाने आयुष्यभर त्याला तोफखाना म्हटलं. त्याच्या लग्नात व्याह्यांनीसुद्धा विचारलं होतं, तोफ वऱ्हाडासोबत आली की मागून येते आहे.

आता भट्टीने त्याचे डोळे नेले आहेत आणि पायही साथ देत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर त्याने मला खाटेजवळ बोलावलं.

"शांते, मी जायच्या आधी एक बंदूक पाहून ये. खूण असंन तर हाय म्हन, नसंन तर नाई म्हन. मले बरं वाटावं म्हनून काही सांगू नोको."

मी म्हटलं, तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काय सांगितलं आहे. तो हसला. यंदाच्या भाऊबीजेला मी घरी नसणार, हे दोघांनाही कळत होतं. तो म्हणाला, यंदा ओवाळणी तूच मले आन.

गाडीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसायला जागा मिळाली, एवढं पुरे.

दादाची मुलगी नलू खडकीला असते. ती आणि जावई दोघंही दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत आणि राहायला क्वार्टर आहे. बाप विळे करून थकला आणि मुलगी पुन्हा दारूगोळ्याकडे गेली, हे दादाला फार आवडतं. रक्त आहे, असं तो म्हणतो. मी म्हणते, पगार आहे.

पहिल्या पहाटे मी गॅलरीत जाऊन उभी राहिले तर समोर पुणं नव्हतंच. नदीवरून धुकं आलं होतं. झाडांचे नुसते शेंडे दिसत होते, बुंधे नव्हते. खाली रस्त्यावरून माणसं कामावर जात होती, पण दिसत होती ती कमरेपासून वर, जणू कोणी त्यांना पाण्यात सोडून दिलं आहे. सायकलची घंटा ऐकू यायची, सायकल दिसायची नाही. मग कारखान्याचा भोंगा झाला आणि त्या धुक्यात तो इतका मऊ वाटला, की मला वाटलं आपल्या भट्टीचा भाता कोणीतरी दाबला. चौथी झाल्यावर बापाने मला शाळेतून काढून भात्यावर बसवलं होतं. तो सुस्कारा मी झोपेतही ओळखते. कितीतरी वेळ तशीच उभी होते. चहा गार झाला.

नलूच्या वरणात गूळ होता. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "आत्या, इकडे असंच करतात." मी म्हटलं, इकडचे करोत, तू कुठली? जावई खाली मान घालून जेवत होते. दुसऱ्या दिवशी ताटात आपलं झणझणीत वरण आलं आणि जावयांचे कान लाल झाले. 

नलूच्या ओळखीचे एक निवृत्त साहेब जवळच राहतात. त्यांना जुन्या बंदुकांचा नाद आहे. भिंतभर टांगल्यात. त्यांनी मला एक नळी हातात दिली आणि खिडकीशी नेलं. पूर्वीची नळी कशी करायचे, तर लोखंडाची तापवलेली पट्टी गजाभोवती गुंडाळायची आणि ठोकून ठोकून एकजीव करायची, मग गज काढून घ्यायचा. उजेडात धरली तर ती गुंडाळी अजून दिसत होती. उदबत्तीचा धूर वळत वर जावा तशी ती नळीभर फिरत गेली होती. मी तिच्यामागे डोळे फिरवत गेले आणि नळी संपली तरी माझी मान फिरतच होती. साहेब म्हणाले, बाई, सगळ्यांचं असंच होतं.

त्यांनी सरळ सांगितलं की नाव धरून कारागीर सापडत नाही. राज्य गेल्यावर किती बंदुका जमा झाल्या, किती मोडल्या, किती वितळवल्या, त्याचा पत्ता नाही. उरल्या त्या कोणाच्या माळ्यावर नाहीतर देव्हाऱ्यात. हात ओळखायचा तो घडणीवरून. शहरात त्यांनी पेशवाईतल्या, पुण्यातच घडलेल्या दोन बंदुका अशा पाहिल्या होत्या, की दोन्हींचं तोंड धोत्र्याच्या फुलासारखं उमललेलं आणि त्या फुलाच्या कडेचं वळणही एकच. दोन्ही एकाच हातच्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज. खूण असेल तर नळीच्या मागच्या टोकाशी असेल, जिथे ती लाकडी दस्त्यात बसते.

मी विचारलं, तुम्ही का नाही पाहिली. ते म्हणाले, एकीवर बघण्यासारखं काही उरलं नाही आणि दुसरीची मालकीण मला हात लावू देत नाही.

मंडई आणि नारायण पेठ

जुळवून बघायला म्हणून मी दादाचा एक विळा बरोबर आणला होता. मेट्रोच्या स्टेशनात पिशवी यंत्रातून गेली आणि तिथल्या शिपायाने आम्हाला बाजूला घेतलं.

"आजी, पिशवीत काय आहे?"

"विळा."

"कशासाठी?"

"बंदुकीशी जुळवून बघायला."

नलूने कपाळाला हात लावला. शिपाई चांगला होता. त्याने नुसतं बाहेरचं दार दाखवलं. पायऱ्या उतरताना नलू म्हणाली, भाजी चिरायला आहे म्हणायचं ना, आत्या. मी म्हटलं, भाजी चिरायला मी एवढ्या लांब येऊ का. मग बसने गेलो. बसमध्ये कोणी विचारत नाही.

मंडईत दिवाळीची गर्दी होती. त्या उंच छताखाली उजेड वरून गाळून येतो आणि सगळ्या आवाजांचा एकच आवाज होतो, मोहोळासारखा. सीताफळांच्या राशी, झेंडूच्या राशी, एका कोपऱ्यात फक्त आवळे. मी एका सीताफळाच्या राशीपुढे उभी राहिले आणि कुठे आलो, कशाला आलो, हेच विसरले. आपल्याकडे बाजार उघड्यावर भरतो, ऊन डोक्यावर असतं, माणूस पटकन घेऊन निघतो. इथे मात्र बाजारावर पापणी मिटल्यासारखी सावली आहे. माणूस तरंगायला लागतो. विक्रेत्याने मला खाली आणलं. म्हणाला, "आजी, दर्शन झालं असेल तर मागच्यांना पुढे येऊ द्या." मी दोन सीताफळं घेतली. एक किडकं निघालं.

नारायण पेठेतल्या घरात ती पहिली बंदूक होती. घरच्या बाईंनी ती कौतुकाने आणून गादीवर ठेवली. अशी लखलखीत, की माझं तोंड तिच्यात दिसलं. तोंड धोत्र्याच्या फुलासारखं, खरंच. मी मागच्या टोकाशी अंगठा फिरवला. गुळगुळीत. चष्मा लावून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. लोण्यावरून बोट फिरावं तसं फिरत होतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे पहिल्यापासून शिरस्ता आहे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सासूबाई चिंच, मीठ आणि विटेची पूड लावून घासायच्या, आता मी तारेच्या घासणीने घासते. एकदाही चुकवलं नाही.

खूण असलीच तर ती पिढ्यान्‌पिढ्या चिंचेबरोबर मोरीत गेली होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, तुम्ही बंदूक घासून खाल्लीत."

त्या म्हणाल्या, "आमचीच खाल्ली ना? तुमच्याकडे मागायला आलो नव्हतो."

खरं होतं. त्यांनी चकल्या पुढे केल्या. चांगल्या होत्या. तेवढं मी तोंडावर सांगितलं आणि मग दोघींचं बरं जमलं.

त्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आला. एक संपली, एक राहिली, एवढंच मी सांगितलं.  तो म्हणाला, जेवली का.

कसबा पेठ

कसब्यात गल्लीच्या तोंडाशीच ठोके ऐकू आले. तांबट भांडी घडवत होते. लोखंडाचा आवाज सरळ कपाळात जातो. तांब्याचा गोल असतो, तो भिंतीला लागून परत येतो. एकाचा ठोका पडतो न पडतो तोच दुसऱ्याचा, आणि मधे तिसऱ्या घरातून बारीक. चालताना माझी पावलं त्या ठोक्यांवर पडायला लागली. नलू काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. मला वाटत होतं, ही गल्ली वळली की भट्टी येईल, भट्टीपाशी बसलेला माणूस मान वर करेल आणि त्याचं तोंड दादासारखं असेल. गल्ली वळली. तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यातल्या माणसाने मान वर केलीसुद्धा नाही. रडू वगैरे आलं नाही. पाय दुखत होते.

दुसऱ्या बंदुकीच्या मालकीण कुसुमताई. वयाने माझ्याच एवढ्या. जुनं घर पाडून तिथे इमारत उभी राहिली आहे आणि त्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या समोर राहतात. जुन्या घराचं त्यांनी काही आणलं नाही, ही बंदूक सोडून. ती स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या वर, दोन खुंट्यांवर आडवी होती. मी पाहिलं तर बंदूक म्हणून काही दिसेना. शेंदूरच शेंदूर. तेलाचा आणि शेंदराचा इतका जाड थर, की नळी माझ्या मनगटाएवढी झाली होती. फक्त तोंडाचं फूल तेवढं ओळखू येत होतं, आणि त्यातही कोणीतरी खरंच झेंडू खोचला होता.

मी सांगायला लागले, भिवा, खूण, भाऊ, डोळे. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हालाही खरवडायचंय," त्या म्हणाल्या. "ते साहेब तर घासपट्टी घेऊन आले होते. मी म्हटलं, आधी तुमच्या थोरल्या भावाला घासून आणा, मग याच्याकडे बघू."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा पहिल्या दिवाळीला त्या मोरीत तोंड लपवून रडत होत्या, कारण पाठीवर भाऊ नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. पण सासूबाई म्हणाल्या, चंद्र कशाला, या घरात आहे की. त्यांनी या बंदुकीकडे बोट दाखवलं. सासूबाईंनाही भाऊ नव्हता. त्यांच्या आधीच्या एकीलाही नव्हता. कधीतरी कौलं चाळताना माळ्यावर ही सापडली, देव समजून कोणी शेंदूर लावला, आणि मग ज्या ज्या सुनेला भाऊ नाही तिचा हा भाऊ झाला. भाऊबीजेला पहाटे त्याला कोमट तेल लावायचं, शेंदूर चढवायचा, कुंकू लावायचं, ओवाळायचं. करंजी त्याच्यापुढे ठेवायची.

"ओवाळणीत काय देतो?" मी विचारलं.

"काही नाही. पण घरी येऊन राहतही नाही, पैसेही मागत नाही. तुमचा?"

मी म्हटलं, माझा मागतो. म्हणून तर आले.

त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. पण खरवडायला नाही म्हणाल्या ते नाहीच. आम्ही उठलो. दारात त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, परवा भाऊबीज आहे, तुमचा भाऊ लांब आहे, तर ओवाळायला इथे या. बघायला मात्र येऊ नका.

भाऊबीजेच्या पहाटे आम्ही दोघी गेलो. खडकीपासून कसब्यापर्यंत पणत्या अजून जळत होत्या, आणि धुक्यात प्रत्येकीभोवती एक मऊ पिवळं कडं होतं. रिक्षा कडेकडेने जात होती. रस्ता असा मला पुन्हा दिसेल असं वाटत नाही.

कुसुमताईंनी बंदूक खाली घेतली होती. पाटावर नवा टॉवेल अंथरून त्यावर आडवी ठेवली होती, पाटाभोवती रांगोळी. वाटीत तेल कोमट केलेलं. त्या कुंकवाचा करंडा आणायला आत गेल्या आणि पाटापुढे मी आणि नलू दोघीच उरलो.

विळा माझ्या पिशवीत होता. त्याचं टोक बारीक आहे. मागच्या टोकाशी शेंदराला एक चीर गेलेली मला दिसत होती. टोक घालून जरा वर दाबलं असतं तर खपली सुटली असती. दादा खाटेवर पडला आहे आणि पुढच्या दिवाळीला असेल की नाही, ठाऊक नाही. नलू हळूच म्हणाली, "आत्या, एवढंसंच. बाबांसाठी. कुसुमताईंना कळणारही नाही."

मी पिशवीत हात घातला. विळ्याची मूठ हाताला लागली. मग मला माझ्या मागच्या सगळ्या भाऊबीजा आठवल्या असं नाही. मला एवढंच वाटलं की कोणी माझ्या भावाच्या तोंडाची खपली मी आत गेले असताना काढली, तर काढणारीला मी विळ्यानेच हाणीन. मी हात बाहेर काढला.

कुसुमताई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या येऊन बसल्या, तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"तेल तुम्ही लावा," त्या म्हणाल्या. "बोटाने काय कळेल ते कळू दे. नख लागता कामा नये."

मी तेल लावायला सुरुवात केली. आधी तोंडाच्या फुलाला, मग खाली. कोमट तेलाने शेंदूर मऊ पडतो आणि त्याला अंगासारखी ऊब येते. एकेक थर म्हणजे एकेक बाई, एकेक वर्षाची पहाट. सगळ्यात वर कुसुमताई, त्यांच्याखाली सासू, तिच्याखाली कोण ते कोणाला ठाऊक नाही. माझा अंगठा त्या सगळ्यांवरून सावकाश चालला होता. खालच्या गल्लीत पोरं फटाके उडवत होती, ते आवाज फार लांबून येत होते. तेलाचा वास होता. मी डोळे मिटले, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता. मागच्या टोकाशी आले आणि तिथेच गोल गोल फिरत राहिले. कुसुमताई घाई करा म्हणाल्या नाहीत. तेल मुरत गेलं, थर दबत गेला आणि खालून काहीतरी वर आलं, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं. एक रेघ. तिरकी. तिच्या शेजारी दुसरी, त्याच अंगाला झुकलेली.

त्यांच्याखाली एक खड्डा होता. तो टिंब असेल. जुन्या लोखंडाला गंज लागून पडतो तसा खड्डाही असेल. अंगठा कितीदा फिरवला तरी ते कळलं नाही. चीर तिथेच होती, नखभर अंतरावर.

मी हात पुसला. आम्ही तिघींनी ओवाळलं. मी त्याला कुंकू लावलं तेव्हा दादाच्या नावाने लावलं नाही. ज्याचं कपाळ त्याच्याच नावाने लावलं. करंजी खाल्ली. सारणात खसखस जास्त होती.

निघताना कुसुमताईंनी विचारलं, सापडलं का. मी म्हटलं, दोन रेघा सापडल्या. त्या म्हणाल्या, रेघा माहेरच्या, वरचा शेंदूर सासरचा. अशी बाई मला गावात मिळाली असती तर माझं म्हातारपण बरं गेलं असतं.

परत

फोनवर दादाने विचारलं तेव्हा मी काही सांगितलं नाही. घरी आले, पिशवी ठेवली, पाय धुतले. तो खाटेवर उठून बसलेला होता. कोणीतरी त्याची दाढी करून दिली होती.

"पायलं?"

"पायलं. डोयानं नाई, अंगठ्यानं."

मी त्याला सगळं सांगितलं. चिंच, तार, शेंदूर, कुसुमताई, तेल. विळ्याचंही सांगितलं. 

"रेघा?"

"दोन. तिरप्या. एकाच अंगाले."

"अन् टिंब?"

"तिथं खड्डा हाय. टिंब असंन, नाईतर गंज असंन. मले समजलं नाई. पोपडा काढला असता तं समजलं असतं. काढला नाई."

त्याने मान हलवली. का काढला नाही, हे विचारलं नाही. उजवा तळहात माझ्यापुढे धरला. घणाने आणि आगीने तो हात असा झाला आहे, की त्यावर नशिबाच्या रेषा राहिलेल्या नाहीत.

"जशा लागल्या तशा काढ."

मी अंगठ्याने एक रेघ ओढली, मग तिच्याशेजारी दुसरी. जोरात ओढल्या, नाहीतर त्या कातड्याला कळलं नसतं. तिथे थांबले. तो थोडा वेळ हात तसाच धरून बसला. मग दुसऱ्या हाताचं बोट चाचपत आणलं, त्या दोन रेघांच्या खाली नेमकं टेकवलं आणि दाबून धरलं. मग मूठ मिटली.

मी टोकलं नाही. चहा ठेवायला उठले.